दलाल शेकडो, मग भाव एकाचाच का?
वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या वेळची पत्रं देवगडपासून चिपळूणपर्यंतची आहेत. कोणी आंब्याचं विचारतंय, कोणी मोबाइलचं, कोणी सिमेंटचं. सगळ्यांच्या मनात प्रश्न एकच आहे, की भाव ठरवतो कोण. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली. आंब्यावर मी जरा जास्त बोलणार. माहेरी कलमं आहेत आणि भावाच्या बागेचा हिशेब अजून मीच लिहिते, तेव्हा तेवढी सवलत द्या.

प्रश्न – बाई, वाशीच्या फळबाजारात दलाल शेकड्यांनी आहेत. घेणारे जास्त असले की चुरस होते आणि माल विकणाऱ्याला भाव मिळतो, असं पुस्तकात असतं. मग माझ्या पेटीला तो का मिळत नाही? गणपतीनंतर दलालाकडून उचल घेतो, फळ वेळेवर पाठवतो, पेटीत कधी लबाडी केली नाही.
– एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर – दादा, तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, त्या उचलीच्या शब्दात.

वाशीला गाळे शेकडो असतील. पण उचल घेतली त्या दिवशी तुमच्यापुरता बाजार एका गाळ्याचा झाला. फळ तिथेच उतरणार हे त्याला ठाऊक, तुम्हालाही ठाऊक. बाकीच्या दलालांत कितीही चुरस असो, ती तुमच्या पेटीपर्यंत पोचतच नाही. डिझेल-बर्फासाठी व्यापाऱ्याचे पैसे उचललेल्या नौकेचंही असंच होतं. बंदरावर लिलाव जोरात चाललेला असतो आणि तिची मासळी मात्र आधीच कोणाच्या तरी नावावर लागलेली असते. वर्गात मी मुलांना सांगायचे, दुकानं मोजत बसू नका. नाराज झालेला माणूस उठून दुसरीकडे जाऊ शकतो का ते बघा, आणि जायचं झालं तर त्याला किती भुर्दंड पडतो ते बघा.

आता जुन्या पट्ट्या, म्हणजे दलालाकडून आलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, काढा. 2016 च्या जुलैत राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि आडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. ऐकायला फार छान. पट्टीतली आडतीची ओळ गेली, पण दरही जवळपास तेवढाच खाली लागला. यात कोणाची लबाडी शोधायला नको. खरेदीदार हिशेबी असतो, आडत त्याच्या अंगावर आली की तो ती वजा करूनच बोली लावतो. आडत, हमाली, कर, काहीही घ्या. कायद्याने ते कोणाच्या नावावर टाकलंय यावर फारसं ठरत नाही, ज्याला उठून जाता येत नाही त्याच्या खिशातून ते जातं. त्यात तिथली रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायची जुनी रीत. भाव दोघांनाच कळणार, आणि पेटीचा मालक चारशे किलोमीटरवर फोनची वाट बघत बसलेला.

तरी दलालाला नुसत्या शिव्या घालण्यात अर्थ नाही, हेही लिहून ठेवते. तारण न मागता, एका फोनवर, मोहोर जळायची जोखीम स्वतःकडे घेऊन पैसे देणारं कोकणात दुसरं कोण आहे? अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला तर उचल पुढच्या हंगामावर जाते, कोणी दारात येऊन उभं राहत नाही. त्या पैशाची किंमत तो भावातून वसूल करतो, व्याज म्हणून लिहीत नाही एवढंच.

मे महिन्यात चित्र बदलतं. वाशीचा भाव उतरलेला असतो, उन्हाने फळ एकदम तयार होतं, वर ढग जमायला लागलेले असतात, आणि डागी, बारका आंबा कॅनिंगला किलोवर जातो. इथे उचलीचा प्रश्न नाही, इथे घेणारेच बोटांवर मोजण्याइतके. गावोगाव क्रेट मांडून बसलेले बहुतेक त्यांचेच एजंट. सकाळी एकाने दर पाडला की दुपारपर्यंत पुढच्या नाक्यावरही तोच दर. ते एकत्र बसून ठरवतात असं मी म्हणत नाही. ठरवायची गरजच नसते. तुमचं फळ दोन दिवसांत सडणार आहे आणि त्यांचा कारखाना सडणार नाही, एवढं दोन्ही बाजूंना माहीत असलं की पुरे.

हे फक्त देवगडचं रडगाणं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. भाव असा दुसऱ्याच्या हातात असला की बागायतदार जुनी कलमं काढून नवी लावत नाही, फळाला पिशवी बांधत नाही, प्रतवारीवर खर्च करत नाही. चांगल्या मालाचा वरचा पैसा आपल्याला मिळेलच याची खात्री नसेल तर कोण करील? ही न झालेली गुंतवणूक कोणत्याच सरकारी आकडेवारीत दिसत नाही. कापूस, दूध, ऊस, मासळी, सगळीकडे ती थोडी थोडी साचते आणि निम्मा देश ज्या धंद्यावर जगतो त्याची वाढ खुंटते. गुजरातेत खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांनी 1946 मध्ये पोल्सन डेअरीला आणि मुंबईच्या दूधयोजनेला दूध घालायचं थांबवलं आणि स्वतःचा संघ काढला, तो याचसाठी. अमूलचं लोणी पुढची गोष्ट. आधी त्यांनी दूध घालायला दुसरी जागा उभी केली.

करायचं काय? ‘दलाल हटाव’च्या सभेला जायच्या आधी उचल निम्मी करून बघा. फवारणीचा खर्च किसान क्रेडिट कार्डावर घ्या, बँकेत दोन खेटे जास्त पडतील. 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पेट्या मागवल्या, ती गिऱ्हाइकं बऱ्याच जणांनी टिकवली आहेत. आमच्या भावाने सगळी बाग तशी विकली नाही, त्याला ते झेपणारही नाही. पण काही पेट्या वाशीला जायच्या थांबल्या आणि दलालाचा आवाज एकदम गोड झाला. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही उपयोग अशा थेट विक्रीत जास्त. गाळ्यावर पेटी एकदा दलालाच्या हाती गेली की मानांकनाचा पैसा कोणाला मिळाला ते तुम्हाला कळणारही नाही.

प्रश्न – बाई, 2016 मध्ये मी शाळेत होते. घरात फुकटचं सिम आलं तेव्हा केवढा आनंद झाला होता. आता रिचार्जवरून बाबा रोज कुरकुरतात. कंपन्या कमी झाल्या हे खरं, पण इंटरनेट तर सगळ्यांना मिळालं. मग नुकसान कोणाचं झालं?
ता. क. हर्फिंडाल निर्देशांक परीक्षेला येतो, तोही सोपा करून सांगा.
– तृतीय वर्ष बी.कॉम.ची विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर – बाळा, तुझा आनंद खोटा नव्हता. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली, 2017 च्या मार्चअखेरपर्यंत सगळं फुकट होतं. तुझ्या वर्गातल्या किती मुलींनी त्या इंटरनेटवर अभ्यास केला असेल! गावातला चहावाला आज क्यूआर कोड लावून बसतो त्यातही त्या स्वस्त डेटाचा वाटा आहे.

पण पुढचं बघ. रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल सेवा गुंडाळली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांचं मोबाइल गिऱ्हाईक एअरटेलकडे गेलं, ऑगस्ट 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. राहिल्या तीन खाजगी आणि चौथी बीएसएनएल. त्यानंतर डिसेंबर 2019, नोव्हेंबर 2021 आणि जुलै 2024 असे तीनदा दर वाढले, आणि प्रत्येक वेळी तिन्ही कंपन्यांचे थोड्याच दिवसांच्या अंतराने. बाबांची कुरकुर तिथून सुरू होते.

फुकट देऊन गिऱ्हाईक ओढायची युक्ती जुनी आहे. 1906 मध्ये तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली. समोर ब्रिटिशांची बडी कंपनी. तिने कोलंबोचं भाडं पाडत पाडत रुपयावर आणलं, मग फुकट नेऊ लागली आणि वर उतारूंना छत्री द्यायची, असं सांगतात. पिल्लै 1908 मध्ये तुरुंगात गेले आणि काही वर्षांत स्वदेशी कंपनी मोडली. ज्याची तिजोरी खोल, तो तोटा जास्त दिवस सोसतो.

म्हणजे जिओनेही तेच केलं का? 2017 मध्ये एअरटेल ही तक्रार घेऊन स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे बाजारातल्या चुरशीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, गेली होती. आयोगाने ती फेटाळली. कारण असं, की बाजारात नव्याने आलेली कंपनी वर्चस्व असलेली नाही, आणि आपल्या कायद्यात पडेल भावाने विकणं हा गुन्हा ठरायला आधी वर्चस्व असावं लागतं. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून होता. माझी तक्रार कायद्याशी आहे. त्याने त्या दिवशीचा बाजार पाहिला, दोन वर्षांनी कोण शिल्लक राहील ते पाहिलं नाही.

आता तुझा खरा प्रश्न, नुकसान कोणाचं. रिचार्जचे पैसे वाढले हे त्यातलं सगळ्यात लहान नुकसान समज. मोठं नुकसान सरकारचं झालं, आणि सरकार म्हणजे आपण. ऑक्टोबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाना शुल्क वगैरेची जुनी थकबाकी कंपन्यांवर लावली. व्होडाफोन आयडियाला ती झेपेना. खेळाडू पाच-सात असते तर एक बुडाली म्हणून कोणी हललं नसतं. दोनच उरतील या धास्तीने सरकारने आपलं येणं भागभांडवलात बदलून घेतलं, आधी 2023 मध्ये, पुन्हा 2025 मध्ये. आज त्या कंपनीत सरकारचा वाटा सुमारे 49 टक्के आहे. दर वाढवणाऱ्यांतही सरकार आणि त्यांच्यावर नजर ठेवणारंही सरकार. धंदा थोड्या हातांत गेला की नियम करणाऱ्याचेही हात बांधले जातात.

आता तुझा हर्फिंडाल निर्देशांक दोन ओळींत. बाजार किती थोड्या हातांत आहे ते तो मोजतो, आकडा जितका मोठा तितके हात थोडे. प्रत्येक कंपनीचा बाजारातला वाटा टक्क्यांत घे, त्याचा वर्ग कर, सगळे वर्ग मिळव. समान वाट्याच्या दहा कंपन्या असतील तर 100 दहा वेळा, म्हणजे 1000. तीनच असतील आणि समजा वाटे 40, 35, 25, तर 1600, 1225 आणि 625 मिळून 3450. एकटीच असेल तर 10000. परीक्षेला एवढं पुरे. पेपरात कोणी विचारणार नाही, तरी मनात ठेव, की वरच्या देवगडच्या दादांच्या बाजाराचा हा आकडा अगदी लहान येईल आणि त्यात त्यांची उचल कुठेच दिसणार नाही.

प्रश्न – घर बांधतोय. चिऱ्याचा दर प्रत्येक खाणीवर वेगळा, घासाघीस होते. सिमेंटचा दर मात्र चार दुकानांत एकच, आणि वाढतोही एकाच दिवशी. ही मिलीभगत नाही का?
– एक वाचक, लांजा

उत्तर – असेल, नसेल. दर एकसारखे असणं हा कायद्यात एकट्याने पुरावा होत नाही. जांभ्याच्या खाणी लहान आणि पुष्कळ, एका गाडीचं गिऱ्हाईक गेलं तरी खाणवाल्याला ते जाणवतं. सिमेंटचा कारखाना चुनखडीजवळ लागतो आणि त्याला प्रचंड भांडवल लागतं. आपल्याकडे जांभा आणि कातळ, सिमेंट बहुतेक बाहेरून येतं. जड माल, किमतीच्या मानाने वाहतूक महाग, म्हणून प्रत्येक भागाला पुरवठा करणारे मोजकेच उरतात आणि एकमेकांचा दर त्यांना रोज कळतो.

तरीही संशयाला जागा आहे. 2012 च्या जूनमध्ये स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून 6,300 कोटींवर दंड ठोठावला. आयोगाने काय पाहिलं ते वाचण्यासारखं आहे. दर एकत्र वाढत होते, उत्पादकांच्या संघटनेत दरांची आणि उत्पादनाची माहिती एकमेकांना मिळत होती, आणि कारखाने पूर्ण क्षमतेने चालवले जात नव्हते. शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. नफा हवा असलेला कारखानदार दर चढे असताना यंत्र थांबवून का ठेवील? अपिलात हा आदेश 2015 मध्ये रद्द झाला, आयोगाने पुन्हा सुनावणी घेऊन 2016 मध्ये पुन्हा दंड केला, 2018 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेवढ्या वर्षांत माणूस घर बांधून, रंग देऊन, गळतीची दुरुस्तीही करून मोकळा होतो.

अशा टोळ्या फुटतात त्या आतून. बिअर कंपन्यांचं प्रकरण आठवा. 2021 मध्ये किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजला 750 कोटींवर आणि कार्ल्सबर्गला 120 कोटींवर दंड बसला. तिसरीने आपणहून आयोगाला सगळं सांगितलं आणि ती पूर्ण सुटली. कायद्यातच तशी सवलत आहे, पहिला कबूल होईल त्याला माफी. आपल्या भावकीत अशी योजना आणली तर जमिनीचे किती खटले मिटतील, सांगा!

गोणीमागे चार पैसे जास्त गेले तर तुम्ही एक खोली कमी बांधाल. सरकार घरकुलं, पूल आणि रस्ते बांधतं, तेव्हा त्याच वरच्या पैशात काही किलोमीटर रस्ता कमी होतो. अंदाजपत्रकात रक्कम पूर्ण खर्च झालेली दिसते.

प्रश्न – तुम्ही कंपन्यांना नावं ठेवता. आमच्या अंजनवेलला एन्रॉन आली तेव्हा गिऱ्हाईक सरकारच होतं ना? मग दोष बाजाराचा की सरकारचा?
– निवृत्त शिक्षक, गुहागर

उत्तर – गुरुजी, तिथे बाजार होताच कुठे? निविदा न मागवता वाटाघाटीने ठरलेला प्रकल्प, 1993 च्या डिसेंबरात वीजखरेदी करार. विकणारा एक, घेणारं वीज मंडळ एक, वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, आणि हिशेब डॉलरला बांधलेला. दोघांनाही दुसरीकडे जायची सोय नव्हती. करारात ती उणीव कंपनीने आपल्यापुरती पैशाने भरून घेतली होती, मंडळाने काहीच घेतलं नव्हतं. 1995 मध्ये करार मोडला, 1996 मध्ये पुन्हा जुळला, 1999 च्या मे महिन्यात 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दोन वर्षांत मंडळाने हात वर केले. 2001 च्या डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. राहिलेला प्रकल्प 2005 मध्ये सरकारी कंपन्यांनी आणि बँकांनी उचलला. दोष विचाराल तर मी निविदेपासून मोजायला सुरुवात करीन, आणि मग सरकार सुटत नाही.

प्रश्न – 2025 च्या डिसेंबरात इंडिगोची विमानं रद्द झाली तेव्हा सरकारने नियमच ढिले केले, हे टीव्हीवर पाहिलं. आमच्या वेळी मक्तेदारीविरुद्ध कायदा होता, तोच बरा नव्हता का?
– निवृत्त पोस्टमास्तर, कुडाळ

उत्तर – नव्हता, आणि त्याची आठवण तुम्हालाही असणार. 1969 चा तो कायदा 20 कोटींवर मालमत्ता असलेल्या घराण्यांना हात-पाय पसरू देत नव्हता. 1985 मध्ये ती मर्यादा 100 कोटी झाली आणि 1991 मध्ये ती अटच गेली. पण त्याच काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नाव नोंदवून थांबावं लागे. मोठी घराणी परवाने आधीच अडवून ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला कारखानाच काढता येत नाही, हे अर्थतज्ज्ञ हजारी यांच्या अहवालाने 1967 मध्येच दाखवलं होतं. मोठेपणावर बंदी घालणारं सरकारच परवान्याने दुसऱ्याची वाट बंद करत होतं.

आताचा 2002 चा कायदा मोठं होण्याला हरकत घेत नाही, मोठेपणाच्या गैरवापराला घेतो. कागदावर मला हे पटतं. विमानाच्या बाबतीत काय झालं बघा. जेट 2019 मध्ये बंद, गो फर्स्ट 2023 मध्ये बंद, विस्तारा 2024 मध्ये एअर इंडियात विलीन. इंडिगोकडे देशांतर्गत प्रवाशांपैकी 60 टक्क्यांहून जास्त. ती कंपनी कार्यक्षम होती म्हणूनच वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, कंपनीची तयारी अपुरी पडली, हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि शेवटी सरकारने तिला त्या नियमांतून तात्पुरती सूट दिली आणि तिकिटांना कमाल दर ठरवून दिला. दहा टक्केवाल्या कंपनीला ही सूट मिळाली असती का? प्रवाशांना दुसरं विमान नव्हतं, तसंच सरकारलाही दुसरी कंपनी नव्हती.

रिझर्व्ह बँकेचे माजी उपगव्हर्नर विरल आचार्य यांनी 2023 मध्ये हाच प्रश्न अख्ख्या अर्थव्यवस्थेला लावला. त्यांच्या हिशेबाने बिगर-वित्तीय कंपन्यांच्या मालमत्तेत पाच सर्वांत मोठ्या समूहांचा वाटा 1991 मध्ये 10 टक्के होता, तो 2021 मध्ये 18 टक्क्यांच्या आसपास गेला. हे समूह तोडावेत असंही त्यांनी सुचवलं, त्यावर बराच वाद झाला. तोडण्याच्या बाजूला मी अजून नाही. मोठ्या बंदराला, पोलाद कारखान्याला मोठं भांडवल लागतं आणि ते उभं करणारी घराणी आपल्याकडे फार नाहीत.

2023 च्या दुरुस्तीने आयोगाला कंपनीच्या जगभरातल्या उलाढालीवर दंड मोजायची मुभा दिली आणि 2,000 कोटींवरचे खरेदी-विलीनीकरणाचे बरेच व्यवहार मंजुरीखाली आणले. ठीक आहे. पण सिमेंटचा दंड अपिलांतून कसा फिरला ते तुम्ही वर वाचलंत. विमानाच्या बाबतीत मी दंडाच्या आधी एक गोष्ट मागेन. मुंबई-दिल्लीला सकाळ-संध्याकाळी उतरायच्या वेळा कोणाला आणि कशा मिळतात, ते उघड करा आणि त्यातल्या काही नव्या, लहान कंपन्यांसाठी राखून ठेवा. आपला सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला. मुंबईत सोयीची वेळ मिळाली नाही तर चिपीहून विमान सुरू करायला कोणती लहान कंपनी धजावेल?

दोडामार्ग आणि सावंतवाडीहून काजू बीच्या आयातीवर पत्रं आली आहेत. ती पुढच्या अंकात घेते. तोवर कोणाकडे या हंगामाच्या पट्ट्या असतील तर त्यांच्या प्रती पाठवा, नाव छापणार नाही.